हात मस्तुराचे, चेहरा गुलनाराचा

प्रोफेसर प्रोझोरोवांवर सिनेमा निघणार ही बातमी बुखाऱ्यात आली, त्या दिवशी सगळ्यांत जास्त कोण घाबरलं असेल तर खुद्द प्रोफेसर. बुटके, टकले, पोट सदऱ्याच्या गुंड्यांना न जुमानणारं. गेली सहा वर्षं हा माणूस शहरातल्या हौदांच्या दगडी पायऱ्या उतरून बाटल्यांत पाणी भरत होता आणि नारूचा माग काढत होता. तोवर बुखाऱ्यात नारू म्हणजे जन्माला आल्यावर कधी ना कधी व्हायचाच, असं सगळे धरून चालत. पायातून हातभर लांब पांढरा दोरा बाहेर यायचा, न्हावी तो रोज दोन बोटं असा काडीवर गुंडाळत काढायचा, आणि मध्येच तुटला तर पाय सुजून माणूस महिनाभर अंथरुणाला खिळायचा. प्रोफेसरांनी शोधून दाखवलं की हौदाच्या पाण्यातले बारीक किडे हा रोग पोटात नेतात, तेव्हा पाणी फडक्यातून गाळून प्या. हे ऐकून मॉस्कोत कुणाला तरी वाटलं, या माणसावर सिनेमा हवा.

"मी सिनेमात दिसणार नाही," प्रोफेसरांनी सांगून टाकलं. त्यांना कळवण्यात आलं की काळजी नसावी, तुमचं काम करायला लेनिनग्राडहून नट येतोय, सहा फुटी आणि भरपूर केसांचा. प्रोफेसरांचा जीव भांड्यात पडला, आणि खरं सांगायचं तर थोडा दुखावलाही.

मस्तुराला मात्र या सिनेमाकडून मोठी आशा होती. मस्तुरा प्रोफेसरांच्या नारूच्या दवाखान्यात चार वर्षं कामाला होती. वय बत्तीस, नवरा क्रांतीच्या धामधुमीत गेलेला, घरात फक्त सासू. रोज सकाळी ती डोक्यापासून पायापर्यंत बुरखा घेऊन, तोंडावर घोड्याच्या केसांची काळी जाळी सोडून दवाखान्यात यायची, आणि बुरखा प्रोफेसरांच्या कोटाशेजारी खुंटीला टांगून सूक्ष्मदर्शकापुढे बसायची. सुरुवातीला ती काचा धुवायची. मग एके दिवशी प्रोफेसरांनी तिला नळीतून पाहू दिलं, आणि दुसऱ्या वर्षापासून तेच तिला विचारू लागले, की मस्तुरा, हा मेलाय की जिवंत आहे? तिची नजर त्यांच्यापेक्षा तिखट होती, आणि हे ते दवाखान्यात येईल त्याला सांगत.

अडचण घराघरांत होती. बायकांच्या माजघरात परका पुरुष जाऊ शकत नाही, म्हणून तिथे मस्तुरा जायची. बायका तिला चहा द्यायच्या, जर्दाळू द्यायच्या, तिचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घ्यायच्या, आणि शेवटी म्हणायच्या, "तू प्रोफेसरांची मोलकरीण ना गं? मग त्यांनाच येऊन सांगू दे." म्हणजे ज्याचं ऐकलं असतं त्याला दारातून आत घेत नव्हते, आणि जिला आत घेत होते तिचं ऐकत नव्हते. ती गेली की तेच पाणी त्याच मडक्यात, न गाळता. चार वर्षांत तिने हे इतक्यांदा पाहिलं होतं की रात्री झोपेत ती फडकी वाटायची, असं तिची सासू सांगे.

तेव्हा सिनेमाचं कळल्यावर मस्तुराने मनाशी हिशेब मांडला. सिनेमा सगळं शहर पाहणार. त्यात सूक्ष्मदर्शकापुढे बसलेली एक बुखाऱ्याची बाई दिसली, तर माजघरांतल्या बायका पुन्हा मोलकरीण म्हणायच्या आधी दहा वेळा विचार करतील. तिला स्वतःचं नाव नको होतं. बाई दिसायला हवी होती, एवढंच.

एप्रिलमध्ये मंडळी आली. दिग्दर्शक ग्लेब साव्विच हे एक हडकुळे, सतत घाईत असलेले गृहस्थ होते. त्यांनी एका जुन्या सराईच्या अंगणात तीन भिंतींची प्रयोगशाळा उभी केली. चौथी भिंत नाही, वर छप्पर नाही, कारण सिनेमाला ऊन लागतं. प्रोफेसर ती पाहायला गेले आणि म्हणाले, अशी हवेशीर प्रयोगशाळा मला का नाही मिळाली? मस्तुराने कुणाला कळू न देता खुर्च्या मोजल्या. खुर्ची एकच होती.

तिने ग्लेब साव्विचना विचारलं, की प्रयोगशाळेतल्या बाईचं काम कोण करणार? तिचं रशियन दवाखान्यात शिकलेलं, त्यामुळे ती फार नेमकं बोलायची.

"प्रयोगशाळेत बाई नाहीये," ते म्हणाले. "बाई आजारी असते. गुलनारा. तिच्या पायात नारू, डोळ्यांत पाणी. प्रोफेसर तिला बरी करतात, मग ती बुरखा फेकते आणि सूर्याकडे बघते."

"आणि पाणी कोण तपासतं?"

"प्रोफेसर."

"आणि माजघरात कोण जातं?"

सिनेमात माजघर नव्हतं. "हे पाहा कॉम्रेड मस्तुरा," ते जरा समजुतीच्या सुरात म्हणाले, "लेनिनग्राडच्या माणसाला पूर्वेकडची बाई म्हटली की काय दिसतं? मोठे, घाबरलेले डोळे. तेच त्याला दाखवावं लागतं, नाही तर त्याला कळायचं नाही ही कोण."

मस्तुराला सांगावंसं वाटलं, की घाबरायला मला सवड कुठे आहे. पण राग आला की तिचं रशियन पळून जायचं. ती घरी आली आणि सासूपाशी सगळं ओकली.

सासू, रोबियाबीबी, साठीची होती, आणि दात चारच उरले असले तरी जीभ शाबूत होती. तिच्या पायातून तरुणपणी नारू निघाला होता, बारा दिवस, आणि पायावरचा वण ती आल्यागेल्याला मेडल दाखवावं तसा दाखवायची. शहरात मस्तुराचं म्हणणं पहिल्या दिवसापासून कुणी ऐकलं असेल तर तिने.

"केलिन," रोबियाबीबी म्हणाली. बुखाऱ्यात सुनेला हीच हाक मारतात. "ती गुलनारा कोण होणार आहे? आपल्यातली कुणी?"

"लेनिनग्राडची बाई आहे. अक्रोडाच्या सालीने तोंड रंगवते."

रोबियाबीबी बोटांवर मोजू लागली. "आपल्या शहरात इतक्या काळ्यागोऱ्या बायका, ताजिक, उझबेक, यहुदी, इराणी," ती म्हणाली, "आणि या लोकांना रंग लावावा लागला? उद्या मी येते. मला बघायचंय हे."

दुसऱ्या दिवशी खरंच ती आली आणि सराईच्या ओट्यावर मुक्काम ठोकून बसली. त्या दिवशी चहाचा प्रसंग होता. मोहल्ल्यातले म्हातारे प्रोफेसरांच्या शोधावर विश्वास ठेवत नाहीत, प्रोफेसर त्यांना घरी बोलावतात, गुलनारा प्रेमाने चहा देते, आणि म्हाताऱ्यांचं मन पालटतं. म्हातारे मात्र अस्सल होते, मोहल्ल्यातून आणलेले, आणि त्यांत सगळ्यांत वडील होते तांबटआळीचे उस्तो नेमत. त्यांनी आयुष्यात सिनेमा पाहिला नव्हता. कुणीतरी चहाला बोलावलंय, तेव्हा जावं, एवढंच त्यांना कळलं होतं.

गुलनाराचं काम करणारी झिनाइदा तपकिरी तोंडाने पुढे आली. बाई मनाने चांगली होती. ग्लेब साव्विच मागून सांगत होते, "भर, भर, काठोकाठ भर. पूर्वेकडचं आदरातिथ्य दिसू दे." तिने उस्तो नेमतांचा प्याला काठोकाठ भरला आणि हसून पुढे केला.

उस्तो नेमतांनी प्याल्याकडे पाहिलं. मग शेजारच्याकडे पाहिलं. शेजारच्याचाही प्याला काठोकाठ. आठही म्हाताऱ्यांनी चहा संपवला, दोन्ही तळवे चेहऱ्यावरून फिरवून आमीन म्हटलं, उठले, जोडे चढवले आणि दारातून निघून गेले. मागे कॅमेऱ्याचा दांडा फिरवणारा वख्तांग, हा जॉर्जियाचा मिशाळ माणूस, रिकाम्या गालिच्याचं चित्र घेत राहिला.

ग्लेब साव्विच संतापले. हा कट आहे, कुणीतरी यांना फितवलंय, असं काय काय ते बोलले. माणूस पाठवून म्हाताऱ्यांना परत बोलावलं, तर निरोप आला की यजमानाने जायला सांगितल्यावर पुन्हा त्या घरात पाऊल ठेवायला आम्ही काही निर्लज्ज नाही.

"कुणी जायला सांगितलं?" ग्लेब साव्विच ओरडले.

ओट्यावर रोबियाबीबी पोट धरून हसत होती. इतकी हसली की तिला ठसका लागला. मस्तुराही जाळीआड हसत होती, आणि मग तिने पुढे होऊन समजावलं. बुखाऱ्यात पाहुण्याला चहा घोटभरच द्यायचा असतो. संपला की पुन्हा घोटभर. म्हणजे तुम्ही बसा, मी तुमच्यासाठी पुन्हापुन्हा उठेन. प्याला काठोकाठ भरला, तर त्याचा अर्थ एकच, की प्या आणि चालू लागा. "तुम्ही आठ वडीलधाऱ्यांना घरातून हाकललंत," मस्तुरा म्हणाली, "आणि तेही हसून."

झिनाइदाने कपाळावर हात मारला, तर कपाळाचा रंग हाताला आला. ग्लेब साव्विच खुर्चीत बसले. त्यांनी विचारलं, आता काय करायचं?

घरातल्या कुणीतरी स्वतः जाऊन, नान घेऊन, माफी मागून बोलवायचं, असा रिवाज होता. पण सिनेमाच्या घरात बुखाऱ्याचं कोणी नव्हतंच. शेवटी रोबियाबीबी उठली. ती उस्तो नेमतांच्या दारी गेली आणि काय बोलली कुणास ठाऊक, पण तासाभरात म्हातारे तिच्या मागोमाग आले. फक्त त्यांनी एक अट घातली. चहा या गावची बाई ओतेल. रंगवलेलीचा भरवसा नाही.

अशा रीतीने मस्तुरा कॅमेऱ्यापुढे आली. फक्त हात. बुरख्यातून बाहेर आलेले दोन हात, घोटघोट चहा ओतणारे. म्हातारे संध्याकाळपर्यंत हलले नाहीत. ग्लेब साव्विचना हवं होतं ते सगळं मिळालं, उलट शेवटी त्यांनाच म्हाताऱ्यांना उठवता येईना.

"सुंदर हात आहेत," वख्तांग दांडा फिरवत म्हणाला. "काय करायचंय ते या हातांना माहीत आहे."

हे ऐकून ग्लेब साव्विचना कल्पना सुचली. नटाला काचेवर थेंब ठेवता येत नव्हता, तीन दिवस तो काचा फोडत होता. आता असं करायचं, की गोष्टीच्या शेवटी बरी झालेली गुलनारा प्रोफेसरांच्या हाताखाली सूक्ष्मदर्शकावर बसते. हात मस्तुराचे घ्यायचे, चेहरा झिनाइदाचा. कापून जोडलं की एकच बाई.

मस्तुराने पुन्हा मनाशी हिशेब मांडला. निदान आता प्रयोगशाळेत बाई होती. पण ती रंगवलेली होती, आणि हात तेवढे खरे. घरी आल्यावर ती सासूला म्हणाली, "ओयाजान, निम्मी मी आणि निम्मी ती. बायकांना काय कळणार?" रोबियाबीबी पायावरचा वण चोळत बसली, आणि ती अशी बसली की मस्तुराला जास्त भीती वाटे.

तो दिवस उजाडला. टळटळीत ऊन. तीन भिंतींच्या प्रयोगशाळेत मस्तुरा बसली. जाळीतून सूक्ष्मदर्शकात दिसणं शक्य नाही, म्हणून तिने जाळी डोक्यावर टाकली. कॅमेरा हातांवरच रोखलेला होता, तिला तसं वचन दिलं होतं. सामानवाल्याने एका वाटीत पाणी आणून ठेवलं. ग्लेब साव्विच म्हणाले, थेंब ठेवा, काच सरकवा, डोळा लावा, हात हलवा, झालं.

मस्तुराने थेंब ठेवला, काच सरकवली, डोळा लावला. आणि सवयीने खरंच पाहिलं.

थेंबात एका डोळ्याचा किडा उड्या मारत होता. त्याच्या पोटात वेटोळं घातलेला नारूचा जंतू होता, जिवंत, वळवळता. तिने काच सरकवली. दुसरा. आणखी सरकवली. तिसरा.

"हे पाणी कुठलं?" तिने डोळा न काढता विचारलं.

"त्या रांजणातलं," सामानवाला म्हणाला. "मागच्या हौदावरून भरतो की रोज."

मागचा हौद दवाखान्याच्या यादीत स्वच्छ म्हणून नोंदलेला होता. आणि रांजण मांडवाखाली ठेवलेला होता, पाच पावलांवर, आणि त्या क्षणी प्रोफेसरांचं काम करणारा सहा फुटी नट उन्हाने हैराण होऊन त्यातलं पाणी ओगराळ्याने गटागटा पीत होता.

मस्तुराने मान वर केली. पुढचं तिला नीटसं आठवत नाही, पण बाकीच्यांना चांगलं आठवतं. ती उभी राहिली आणि तिने हात लांब करून नटाला म्हटलं, ठेव ते खाली. नटाने ठेवलं. मग सामानवाल्याला, रांजण झाक. त्याने झाकला. मग खरे प्रोफेसर, जे भिंतीमागे लपून गंमत बघत होते, त्यांना तिने हाक मारली, "वेनियामिन इल्यिच, इकडे या, आणि फडकी घेऊन या." आणि ते बुटके, टकले गृहस्थ पोट सावरत धावत आले, फडकी घेऊन. तिने त्यांना काच दाखवली. त्यांनी डोळा लावला, आणि मान वर करून ते एकदम हसले, कारण दोन महिने ते हाच हौद शोधत होते. वसंतात पहिल्यांदा जंतू कुठे निघतो ते त्यांना सापडत नव्हतं. मग मस्तुराही हसली, डोक्यावर जाळी, चेहरा उघडा, उन्हात. नट कोपऱ्यात चुळा भरत होता आणि प्रोफेसर त्याला धीर देत होते, की घाबरू नका, काही असलंच तर वर्षभराने पायात कळेल.

एवढ्या गडबडीत कॅमेऱ्याची खडखड थांबलेली नव्हती. वख्तांग शांतपणे दांडा फिरवत होता, आणि कॅमेरा हातांवर नव्हता.

ग्लेब साव्विचच्या ते लक्षात आलं तेव्हा त्यांनी डोकं धरलं. फिल्म वाया गेली. प्रोफेसर दोन झाले, एक उंच आणि एक बुटका, आणि एक अनोळखी बाई सगळ्यांना हुकूम सोडतेय. प्रेक्षक गोंधळून जाईल. हा तुकडा फेकून द्यायचा. मस्तुराला आता भान आलं. तिने घाईने जाळी खाली ओढली. चेहरा दिसला होता. परक्या माणसांना, यंत्राला, आणि उद्या कदाचित हजारोंना. त्या वर्षी चेहरा दाखवणं ही साधी गोष्ट नव्हती, बुरखा टाकणाऱ्या बायकांचं शहरात रक्त सांडलं होतं. आपल्याला हेच हवं होतं की नव्हतं, ते तिचं तिलाच कळेना. ती ओट्याकडे बघू लागली.

रोबियाबीबी ओट्यावरून उतरली, लंगडत आली आणि ग्लेब साव्विचच्या समोर उभी राहिली. "केलिन, मी म्हणते ते याला सांग, शब्द न गाळता," ती म्हणाली. "सांग, की हिचे हात घ्यायला तुला लाज वाटली नाही. मग हिच्या तोंडाने काय पाप केलंय? मी हिची सासू. हिच्या तोंडाचं काय करायचं ते मी ठरवणार, आणि मी म्हणते, दाखव."

मस्तुराने भाषांतर केलं. तिने एकही शब्द गाळला नाही.

मग झिनाइदा बोलली. ती ओल्या फडक्याने गालांचा रंग पुसत होती. "ग्लेब, मी नळीतून काही दिसल्याचं सोंग करत होते," ती म्हणाली. "हिला दिसलं. तू स्वतः पाहिलंस ना. माझा शेवट काप हवा तर."

ग्लेब साव्विच म्हणाले, लेनिनग्राडला गेल्यावर बघू. असं म्हणणारा माणूस बहुतेक काही बघत नाही, हे मस्तुराला दवाखान्याच्या कचेऱ्यांतून चांगलं ठाऊक होतं. आठवडाभराने मंडळी गेली. हौद बंद झाला, उपसला गेला, आणि उन्हाळाभर मस्तुरा पुन्हा माजघरांतून फडकी वाटत फिरली. बायका जर्दाळू द्यायच्या आणि म्हणायच्या, प्रोफेसरांनाच येऊन सांगू दे.

सिनेमा जानेवारीत आला. बायकांसाठी वेगळा खेळ ठेवला होता, स्त्रियांच्या मंडळात, पुरुषांना दारातूनच मनाई. थंडी कडक, तरी दिवाणखाना खच्चून भरला. सगळ्या बुरखे घेऊन आल्या, आत आल्यावर जाळ्या वर केल्या, आणि एकच कालवा झाला. पडद्यावरची अक्षरं वाचून दाखवायला एक शिक्षिका होती, पण तिचा आवाज पहिल्या मिनिटातच बुडाला. बाजूला डफ घेऊन यहुदी मोहल्ल्यातली गाणारीण बसली होती, तिने चित्र बघून हवा तो ताल धरायचं ठरवलं होतं. मस्तुरा मागच्या रांगेत अंधारात बसली. तिने जाळी काढली नाही. शेजारी रोबियाबीबी, आणि दुसऱ्या बाजूला वेशीकडच्या मोहल्ल्यातली एक धिप्पाड बाई, जर्दाळूच्या बिया फोडत.

उंच प्रोफेसर आले, केस उडवत हौदाच्या पायऱ्या उतरले. बायकांनी माना डोलावल्या. गुलनारा रडली. "ही कोणाच्या घरची?" कुणीतरी विचारलं. "ही इथली नाही. बघ ना, रडताना ओढणीने डोळे कसे पुसते." पुढे म्हातारे चहा प्यायले, आणि उस्तो नेमत पडद्यावर दिसताच त्यांच्या तिन्ही सुना उभ्या राहून ओरडल्या. मस्तुराचे हात आले आणि गेले. कुणाला कळलं नाही. मस्तुराने रुमाल घट्ट धरला. एवढंच, ती मनाशी म्हणाली, एवढंच आहे, आता गुलनाराचा चेहरा येईल.

आणि मग पडद्यावर ती होती.

कापलं नव्हतं. का नाही, ते आजवर कळलेलं नाही. कुणी म्हणतं वख्तांगने हट्ट धरला, कुणी म्हणतं त्या तुकड्याशिवाय सिनेमात काही घडतच नव्हतं. पडद्यावरची मस्तुरा सूक्ष्मदर्शकातून मान वर करत होती. तिचा चेहरा भिंतीएवढा मोठा होता आणि त्यावर भीतीचा मागमूस नव्हता. तिने हात लांब केला, आणि उंच, देखण्या माणसाने ओगराळं खाली ठेवलं. तिने बोट दाखवलं, रांजण झाकला गेला. तिने हाक मारली, एक टकला बुटका फडकी घेऊन धावत आला. गाणारिणीने डफावर असा काही ठेका धरला की बायका टाळ्या वाजवू लागल्या. रोबियाबीबी रडत होती आणि शेजारणीला वण दाखवत होती.

वेशीकडच्या बाईने बी फोडायची थांबवली. तिने मस्तुराला कोपराने ढोसलं. अंधारात, जाळीत, कोण आहे ते तिला कळण्याचं कारण नव्हतं.

"पाहिलंस?" ती म्हणाली. "ही ती शास्त्रज्ञ. हिच्यावरच सिनेमा आहे म्हणे. मघापासून वाट बघत होते, कधी येते."

मस्तुराने जाळी आणखी खाली ओढली. "आणि तो उंच माणूस कोण?" तिने विचारलं.

"तो होय? तिचा माणूस असेल, पाणी आणायला ठेवलेला," बाई म्हणाली. "बघ कसा घाबरतो तिला. आणि तो ठेंगू फडकी धुणारा. हाताखाली दोन-दोन बाप्ये, आणि आपल्यासारखीच बाई बघ. बोलली तर माझ्या मावशीसारखी बोलेल." मग जरा थांबून, हळू आवाजात, "तिने ते पाणी पिऊ दिलं नाही, म्हणजे पाण्यात काहीतरी असणारच गं."

मस्तुराला तिला सांगता आलं असतं. पण तिने त्या बाईच्या तळव्यातली एक बी उचलून तोंडात टाकली, कारण काहीतरी केलं नसतं तर ती मोठ्याने हसली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दवाखान्यात काचा पुसत होती. बुरखा खुंटीवर होता. बाहेर दारात कुणाची तरी चढाओढ चालल्यासारखा आवाज आला आणि त्यात तिने कालचा तो आवाज ओळखला. वेशीकडची बाई दोन सुना आणि एक मोठं मडकं घेऊन आली होती. प्रोफेसर दारातलं बर्फ झाडत होते, टोपी नव्हती, टक्कल लाल झालं होतं.

"शास्त्रज्ञबाई आहेत का?" बाईने विचारलं. "आमच्या हौदाचं पाणी आणलंय. त्यांनी एकदा बघावं."

प्रोफेसरांनी झाडू भिंतीला टेकवला. इतक्या वर्षांत त्यांना पाण्याचं मडकं आपण होऊन कुणी आणून दिलं नव्हतं.

"आत बसल्या आहेत," ते मोडक्यातोडक्या ताजिकमध्ये म्हणाले. "या."

बाईने त्यांना खालपासून वरपर्यंत निरखलं आणि तिचा चेहरा उजळला. "अरे, तू तो फडक्यांवाला," ती म्हणाली, आणि जड मडकं त्यांच्या हातात दिलं. प्रोफेसर ते सांभाळत, एक थेंब न सांडू देता, तिच्या मागोमाग आत आले.